एकच वेल

गिरगावातल्या आमच्या चाळीत गॅलरीच्या कठड्यावर तुळस, ओवा, कोरफड असं सगळं डालड्याच्या डब्यांत लावलेलं असे. खोलीच्या आत मात्र एकच झाड होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत, हॉर्लिक्सच्या रिकाम्या बाटलीत ठेवलेला मनीप्लांट. आईने तो शेजारच्या काकूंकडून आणला होता. मनीप्लांट चोरून आणला तरच लाभतो, असं काकूंचं ठाम मत. म्हणून "मी पाठ फिरवते, तू तोड" म्हणत त्या खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या.

दर शनिवारी आई ती बाटली रिकामी करायची, आतून काथ्याने घासायची, मुळांवर आलेला बुळबुळीत थर बोटांनी हलकेच काढायची आणि ताजं पाणी भरायची. मग ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची, खाली तळहाताचा आधार देऊन. स्टोव्हच्या धुराचा चिकट थर पानांवर बसत असे. पुसलं की पान लख्ख व्हायचं. पानावर धूळ-तेलाचा थर असला की उजेड आत पोचत नाही, हे मी पुढे वाचलं. शनिवारच्या पाण्याचं महत्त्वही पुढेच कळलं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याला भांडं कोरडं केलं की ती साखळी तुटते. पालिकेची माणसं पावसाळ्यात घरोघरी येऊन मनीप्लांटच्या बाटल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात ती त्यासाठीच.

मला बँकेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक नागपूरला झाली, तेव्हा आईने वेल कुठे कापायचा ते दाखवलं. पानाच्या देठाजवळ फांदीवर एक गाठ असते, ते पेर. त्याच्याशेजारी तपकिरी रंगाचा छोटा कोंब दिसतो, ते हवेतलं मूळ. कात्री पेराच्या खाली चालवायची. नुसतं देठासकट पान पाण्यात ठेवलं तर ते महिनोन् महिने हिरवं राहील, कदाचित मूळही धरेल, पण त्याचा वेल व्हायचा नाही. नवा फुटवा पेराशीच येतो. दोन-तीन पेरांचा तुकडा घ्यायचा, पाण्यात बुडणारं पान काढून टाकायचं. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसू लागतात.

नागपुरात मी वेल पहिल्यांदा मातीत लावला. बँकेच्या कॉलनीत एक वयस्क माळी येत. माझी कुंडी त्यांनी उचलून आधी तळाचं भोक पाहिलं, मग म्हणाले, "बाई, रोज पाणी नका टाकू जी. बोट घालून पाहा, ओलं लागलं तर राहू द्या." घरातली झाडं तहानेने मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात, हे त्यांनी मला समजावलं. मुळांनाही हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. मग पानं मरगळतात. ती पाहून माणसाला वाटतं झाड तहानलंय, आणि तो आणखी पाणी घालतो. म्हणून पान मरगळलेलं दिसलं की हात आधी मातीकडे गेला पाहिजे, तांब्याकडे नंतर. बोटाची दोन पेरं मातीत घालायची. आत कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घालायचं, थोड्या वेळाने ताटलीतलं पाणी ओतून टाकायचं. वरवर चमचा-चमचा पाणी शिंपडू नये. त्याने वरची माती ओली दिसते आणि खालची मुळं कोरडीच राहतात.

नागपूरच्या मे महिन्यात माझी मातीची कुंडी दोन दिवसांत कोरडी पडे. कूलरचा झोत थेट पानांवर येई, तेव्हा कडा तपकिरी होऊन करपत. कुंडी कोपऱ्यात सरकवली आणि नवी पानं धड आली. त्याच घरात, त्याच कुंडीला श्रावणात आठ-आठ दिवस पाणी लागत नसे. "किती दिवसांनी पाणी घालू?" या प्रश्नाचं उत्तर मी आजही कुणाला आकड्यात देत नाही. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, प्लॅस्टिकची सोडत नाही. खिडकी, ऋतू, पंखा, कुंडीचा आकार, सगळ्यांवर ते अवलंबून. वार ठरवायचाच असेल तर बोट घालून पाहण्याचा ठरवावा.

मग बदली झाली चिपळूणला, आणि तिथे या वेलाने मला थक्क केलं. घरमालकीणबाईंच्या परसात एका जुन्या फणसावर कसलातरी वेल चढला होता. सुपाएवढी पानं, कडेपासून मधल्या शिरेपर्यंत चिरलेली, हिरव्यावर पिवळे फराटे. मी नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या खिडकीतलाच तो. झाडावर चढायला मिळालं एवढंच." मी घरात जाऊन आपलं तळहाताएवढं पान पाहिलं, परत जाऊन ते पाहिलं. खरंच तोच होता. हा वेल कुंडीत किंवा लोंबता असला की आयुष्यभर बालरूपातच राहतो. खोडाला धरून वर जायला मिळालं की पानं मोठी होत जातात आणि चिरू लागतात. घरातही काथ्या गुंडाळलेली काठी कुंडीत रोवली आणि ती ओलसर ठेवली, तर पानांचा आकार वाढलेला दिसतो.

या झाडाचं मूळ गाव प्रशांत महासागरातलं मूरेया बेट, ताहितीच्या शेजारचं. १८८० मध्ये युरोपातल्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन करून त्याला पोथॉस वंशात बसवलं. नंतर त्याचं घराणं पुन्हा पुन्हा बदललं, कारण वनस्पतीचं घराणं ठरवायला फूल लागतं आणि हा वेल फुलतच नव्हता. १९६० च्या दशकात एका रोपाला अखेर फूल आलं, आणि १९६४ मध्ये तो एपिप्रेमनम वंशात गेला. तो का फुलत नाही हे २०१६ च्या एका संशोधनातून कळलं. फुलण्याला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याला स्वतःचं पुरेसं बनवता येत नाही. ते बाहेरून फवारलं तेव्हा त्याला फुलं आली. फूल नाही म्हणजे बी नाही. जगभर हा वेल पसरला तो माणसांनी कापलेल्या तुकड्यांतून. माझ्या बाबतीत तर हे अक्षरशः खरं आहे. काकूंच्या खोलीतला, आईच्या बाटलीतला, नागपूरचा, चिपळूणचा आणि आज पुण्यात माझ्यासमोर आहे तो, हे एकच झाड आहे. आईने पुसलेली पानं केव्हाच गळून गेली, काकू गेल्या, आईही गेली. वेल तोच आहे. या विचाराने मी पान पुसताना हात जरा जपून फिरवते.

पुण्यातला माझा हॉल उत्तरेकडचा, उजेड कमी. इथे नव्या पानांवरचे पिवळे फराटे फिकट झाले. पिवळ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतं. अंधारात झाडाला ते परवडत नाही, म्हणून नवी पानं अधिक हिरवी येतात. दिवसा दिवा न लावता पेपर वाचता येईल, एवढा उजेड त्याला पुरतो. कडक ऊन थेट पडू देऊ नये. कुंडी खिडकीजवळ नेली आणि फराटे परतले. हवा शुद्ध होते म्हणून लोक घरात झाडं ठेवतात. नासाचा १९८९ चा अहवाल या समजाच्या मुळाशी आहे, पण ते प्रयोग लहानशा बंद पेटीतले होते. राहत्या खोलीत खिडकी उघडणं त्याहून कितीतरी जास्त काम करतं. झाड झाड म्हणून ठेवावं, तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

भाची आता हिंजवडीला राहायला गेली आहे आणि तिला हा वेल हवा आहे. तिच्याकडे मांजर आहे. मनीप्लांटच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मांजराने किंवा कुत्र्याने पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलट्या होतात. म्हणून तिला सांगितलंय, कुंडी पडद्यापासून लांब, उंच टांग, जिथवर मांजराची उडी पोचत नाही. टोकं हातभर लोंबली की पेराच्या वरच्या बाजूने छाट. त्याने मागे फुटवे येऊन वेल दाट होतो. छाटलेली टोकं पेराखाली नीट करून बाटलीत लाव, पण तीही उंचावरच. बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर ते पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने पुसून काढ. आणि खत पहिले दोन महिने अजिबात नको, मुळं धरू देत. नंतर मूठभर गांडूळखत, तेही थंडी सरल्यावर.