धाडच्या बाजारातील हरवलेला गंध

बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने निघालात की वाटेत धाड हे गाव लागते. आठवडी बाजाराच्या दिवशी येथे डोळे मिटून चाललात, तरी आपण कोठे आहोत हे नाकच सांगते. आधी ओली कोथिंबीर, मग गूळ, पुढे कढईतील भजी. आणि लाल मिरचीच्या ढिगापाशी पोहोचताच ठसका.

याच बाजारात, रक्तदाबासाठी माझ्याकडे येणाऱ्या एक सत्तरीच्या आजी भेटल्या. “डॉक्टरसाहेब, सुनेच्या हाताला चवच राहिली नाही,” त्या म्हणाल्या. सून शेजारीच मान खाली घालून उभी होती. चव लागावी म्हणून आजी ताटात वरून मीठ घेत. त्याने रक्तदाब वाढला होता आणि घरातील अबोलाही. मी त्यांना डोळे मिटायला सांगून कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरली. त्यांना काहीच कळले नाही. “पण मिरचीचा ठसका तर लागतो!” त्या चकित होऊन म्हणाल्या.

वाचकहो, आपण फसतो ते येथेच. मिरचीची झोंब एका मज्जातंतूकडून कळते, गंध दुसऱ्याच. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी समजतात. फोडणीचा, भाजलेल्या वांग्याचा स्वाद घशामागून नाकात चढणाऱ्या गंधातून येतो. गंध गेला की अन्न बेचव होते, जेवण कमी होते, वजन घटते, मन उदास होते. दृष्टी मंदावली तर चष्मा मागितला जातो; नाकाची तक्रार मात्र कोणी करत नाही.

याची कारणे अनेक आहेत: वाढते वय, सर्दीचे व कोविडचे विषाणू, नाकातील मांसल गाठी, डोक्याला मार, तंबाखूचा धूर. काही वेळा कंपवाताच्या कितीतरी वर्षे आधी गंध मंदावतो. म्हणून घाबरू नये. पण गंध अचानक गेला, किंवा सोबत विस्मरण अथवा हालचालींत मंदपणा असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना जरूर दाखवावे.

घरात तीन गोष्टी कराव्यात. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन मिसळतात. ज्याला तो वास येत नाही, त्याच्या स्वयंपाकघरात गळतीची सूचना देणारे यंत्र बसवावे आणि रात्री रेग्युलेटर बंद करावा. अन्नावर शिजवल्याची तारीख लिहावी. आंबलेले नाकाला कळेलच असे नाही. मिठाऐवजी लिंबू, आले यांनी रुची आणावी.

गंधाचा सरावही करता येतो. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास दिवसातून दोनदा, 12 आठवडे घेण्याची पद्धत मांडली. प्रत्येक वास काही सेकंद, तो आठवत घ्यावा. सर्वांनाच गुण येतो असे नाही. पण यात अपायही नाही.

पुढच्या भेटीत आजींचा गंध परतला नव्हता. मात्र सकाळ-संध्याकाळ लवंग आणि लिंबू त्यांच्या नाकाशी धरत होती ती सूनच. आपल्या घरातील वडीलधारे “भाजीला चव नाही” म्हणू लागले, तर स्वयंपाकाला दोष देण्यापूर्वी कोथिंबिरीची एक काडी त्यांच्या नाकाशी धरून पाहावी.