क्वीन्सब्रिजचा नास आणि आमचं घर

नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वाढलेल्या आम्हा मराठी भावंडांचे कान दोन ठिकाणी तयार झाले. संध्याकाळी बाबांच्या कॅसेटवर भीमसेनजी आणि माणिक वर्मा. गुरुवारी रात्री, घर झोपलं की, कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो यांचा हिप-हॉपचा कार्यक्रम. दादा जुन्या कॅसेटच्या मोडलेल्या खाचांवर सेलोटेप चिकटवायचा, म्हणजे तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग व्हायचं. सकाळी बसमध्ये एका वॉकमनभोवती आम्ही सगळे.

त्याच कॅसेटांतून रॅपर नास घरात आला. 1991 साली 'मेन सोर्स' या हिप-हॉप गटाच्या 'लाइव्ह ॲट द बार्बेक्यू' या गाण्यात पहिलंच कडवं त्याचं होतं. वय 17, आठवीनंतर शाळा सुटलेली. श्वास कुठे घेतो तेच कळत नव्हतं. पुढच्या वर्षी त्याचं 'हाफटाइम' हे गाणं आलं आणि दादाने वहीत शब्द उतरवून काढले. पोरगा आपल्याच क्वीन्सचा, हा अभिमान वेगळाच. ईस्ट रिव्हरच्या काठी 1939 साली उभी राहिलेली क्वीन्सब्रिजची सरकारी वसाहत, विटांच्या इमारती, 3,000हून अधिक घरं. तिथल्या मार्ली मार्ल आणि एमसी शान या हिप-हॉप कलाकारांची नावं आम्हाला पाठ होती. 1992 साली नासचा जिवलग दोस्त आणि शेजारी विली ग्रॅहम तिथेच गोळीबारात गेला. त्यानंतरची नासची गाणी ऐकताना ते मनात असायचंच.

बाबांचा प्रश्न ठरलेला असायचा: "हा शिकला कुणाकडे?" एप्रिल 1994मध्ये नासचा पहिला अल्बम 'इलमॅटिक' आला आणि आम्हाला उत्तर मिळालं. वडील ओलू दारा, मूळचे मिसिसिपीतल्या नॅचेझचे, न्यूयॉर्कच्या जॅझ मंडळींत नावाजलेले कॉर्नेटवादक. मुलानेही लहानपणी ट्रम्पेट हाती धरलेलं. 'लाइफ्स अ बिच' या गाण्यात शब्द संपतात आणि वडिलांचं कॉर्नेट सुरू होतं. घाई नाही, दाखवणं नाही. ताईने तेवढाच तुकडा बाबांना ऐकवला. बाबांनी कॅसेट मागे फिरवायला सांगितली आणि परत ऐकलं. त्या दिवसापासून आमच्या घरात रॅपला 'बडबड' म्हणणं बंद झालं.

संगीताचं घर म्हटलं की वडिलांचं नाव पुढे येतं. नासच्या बाबतीत मला ते अपुरं वाटतं. 1985 साली आईवडील वेगळे झाले, आणि दोन मुलांना घेऊन घर चालवलं ते आई अ‍ॅन जोन्स यांनी, टपाल खात्यात नोकरी करून. आमच्या आया-मावश्याही पोस्टात आणि हॉस्पिटलांत रात्रपाळ्या करत होत्या. शिफ्ट संपवून आलेली आई चहा टाकायची, आणि आम्ही आवाज कमी करायचो. वडिलांचा सूर कानात पडायला आधी डोक्यावर छप्पर लागतं, ते या बायकांनी धरून ठेवलं. 'इलमॅटिक'च्या मुखपृष्ठावर लहानग्या नासचा चेहरा आहे, वडिलांनीच काढलेल्या फोटोतला. आई मात्र मुखपृष्ठावर कुठेच नाही, याची खंत ताईला कायम राहिली.

त्या अल्बमला डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप, एल.ई.एस. अशा एकाहून एक निर्मात्यांचा हात लागला. विशीतल्या पोरासाठी ही माणसं एकत्र आली, कारण त्याचे शब्द त्यांनी आधीच ऐकले होते.

आणि मुलाच्या पाठोपाठ वडिलांचा अल्बम आला. ओलू दारांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम 1998 साली आला, मुलानंतर चार वर्षांनी, आणि त्यात नास पाहुणा होता. 2004मध्ये बापलेकाचं 'ब्रिजिंग द गॅप' हे गाणं निघालं, तेव्हा आम्ही भावंडं वेगवेगळ्या शहरांत होतो. ताईने रात्री घरी फोन लावला, रिसीव्हर स्पीकरला टेकवला आणि ओरडली, "बाबा, या वेळी वडील गातायत, ऐका!"