पाण्याची जागा

मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याच्या जलाशयाला दोन काठ असतात. एक पाण्यालगतचा, चिखलाचा, रोज थोडा थोडा आत सरकणारा. दुसरा त्याच्या बराच वर, जिथे झाडं सुरू होतात तिथला. त्या वरच्या काठाखाली दगड पाण्यानं धुऊन फिकट पडलेले, आणि वर तांबडी माती, करवंदीच्या जाळ्या. या दोहोंमधला उघडाबोडका उतार कागदोपत्री सरकारी असतो, व्यवहारात गुरांचा. तंबू लागतात ते बहुधा इथेच. जागा सपाट, समोर पाणी, पलीकडे रतनगड आणि त्याच्या बाजूचा खुटा, मागे कळसूबाईची रांग. फोटो उत्तम येतो.

तंबूची खुंटी ठोकताना वरचा कडक पापुद्रा फुटतो आणि खाली बारीक, रेशमासारखी माती लागते. तिच्यात पांढरे पडलेले गोगलगायींचे शंख सापडतात. आजूबाजूची जमीन तडकून तिच्या खपल्या कडांनी वर वळलेल्या असतात. इतकं पाहिलं तरी आपण कुठे बसलो आहोत हे कळायला हवं. ही माळरानाची माती नाही, हा गाळ आहे. आपण तलावाच्या काठावर नाही, तलावाच्या तळावर अंथरूण पसरलंय.

प्रवरेवरचं हे धरण 1910 साली बांधायला घेतलं आणि 1926 साली पुरं झालं. सुमारे 82 मीटर उंच, दगडी. मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं आणि आर्थर हिल या अभियंत्याचं नाव पाण्याला. गावात मात्र कुणी विल्सनही म्हणत नाही आणि आर्थरही. शेंडीच्या बाजारात विचारा, ‘धरण’ एवढाच शब्द ऐकू येईल. साधारण 11 टीएमसी पाणी मावतं, आणि 15 ऑगस्टच्या आत ते भरावं असा अहिल्यानगर जिल्ह्याचा दरवर्षीचा अंदाज, किंबहुना हट्ट असतो. वर्तमानपत्रांत तशी बातमी येते. घाटघर, रतनवाडीकडचा पाऊस सहसा तो हट्ट पुरवतोही.

म्हणजे मे महिन्यात आपण जिथे उशाला बॅग घेऊन तारे मोजतो, तिथे ऑगस्टमध्ये कित्येक पुरुष पाणी असतं. हे एकदा डोक्यात बसलं की काठावर कसं वागावं याचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. झुडपात ढकललेली पाण्याची बाटली, दगडाखाली दडवलेलं वेफर्सचं पाकीट, सांडलेलं तेल, भांडी घासलेल्या पावडरीचा फेस, सगळं तिथेच थांबणार असतं फक्त पहिल्या मोठ्या पावसापर्यंत. मग ते पाण्यात जातं. जंगलात फिरणारे सांगतात, प्रातर्विधीला पाण्यापासून शंभर पावलं तरी लांब जा. नदीकाठी, डोंगरातल्या टाक्याजवळ तो नियम बरोबर आहे. इथे तो तोकडा पडतो, कारण शंभर पावलं वर गेलं तरी माणूस धरणातच असतो. इथे वरच्या काठाच्याही वर, झाडीत चढायला हवं, आणि सोबत एखादं खुरपं हवं. पण चढण चढायचा कंटाळा येतो. रात्री तर येतोच.

या पाण्याचा पुढचा रस्ताही डोळ्यांपुढे आणून पाहावा. इथून सुटलं की ते रंध्याच्या कड्यावरून कोसळतं, निळवंड्याच्या धरणात विसावतं, अकोले आणि संगमनेर ओलांडतं, ओझरच्या बंधाऱ्यापाशी डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. तिथून लोणी, राहुरी, श्रीरामपूर. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, तो याच पाण्यावरच्या उसाच्या भरवशावर. उरलेली नदी नेवाशाला जाते, जिथे ज्ञानेश्वरांनी गीतेवरचं भाष्य सांगितलं, आणि मग टोक्याजवळ गोदावरीत मिसळते. अकोल्याची माणसं प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. त्या अमृताच्या उगमाशी आपण रात्रीची पार्टी करतो. पार्टी करूच नये असं माझं म्हणणं नाही. आनंद करायलाच माणूस एवढा घाट चढून येतो.

संध्याकाळी इथे आधी वारा पडतो. दिवसभर पाण्यावर धावणाऱ्या बारीक सुरकुत्या मिटतात आणि रतनगड उलटा दिसायला लागतो. म्हशी उतारावरून वर निघतात, त्यांच्यामागे काठी खांद्यावर टाकलेला पोरगा. दूर कुठेतरी टिटवी सुरू होते. टिटवीचा आवाज कानाला गोड नाही, आणि ती एकदा लागली की थांबत नाही. शहरातून आलेल्यांना वाटतं, पक्षी गातोय. ती गात नसते, हाकलत असते. याच दिवसांत तिची अंडी जमिनीवर असतात, तिच्या लेखी घरटं म्हणजे चार खड्यांनी आखलेला नुसता खळगा. त्यात बहुधा चार अंडी, टोकं आत वळलेली, मातकट रंगावर काळसर ठिपके. हातभर अंतरावरूनही ती दगडांतून वेगळी काढता येत नाहीत. पायाखाली आल्यावर मात्र ती दगड नव्हती हे कळतं. टिटवीनं अंडी उंचावर घातली की त्या साली पाऊस चांगला, असा ठोकताळा आपल्याकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधत आलेत. तो खरा ठरतो की नाही हे हवामानखात्यानं पाहावं. मला त्यातली एक गोष्ट आवडते: पाणी कुठवर चढेल याचा विचार करून जागा निवडायची असते, एवढं शहाणपण त्या पक्ष्याकडे आहे असं शेतकऱ्याला वाटतं. आपण जागा निवडतो ती गाडी कुठवर जाईल ते पाहून.

तेव्हा टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर मोबाइल बाजूला ठेवून जमिनीकडे बघत मागे फिरावं आणि तंबू दुसरीकडे लावावा.

अंधार पडल्यावरचा भंडारदरा मात्र सगळ्यांत मोलाचा. तोच आपण सगळ्यात आधी उधळतो. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंत या भागातल्या झाडांवर काजवे येतात. घाटघर, मुतखेल, पांजरे, मुरशेत या गावांच्या आसपास सादडा, बेहडा, हिरडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते जास्त दिसतात. आधी बुंध्याजवळ एखादी ठिणगी. मग दोन-तीन. मग एका फांदीवर पाचपन्नास, आणि बघता बघता त्यांचा ताल जुळतो. सगळं झाड एकदम उजळतं, एकदम मालवतं. मालवल्यावरच्या त्या अर्ध्या क्षणात झाड होतं की नव्हतं असा प्रश्न पडतो. पुढच्याच श्वासाला ते पुन्हा हजर. कधी शेजारच्या झाडावर हीच लाट जाते, आणि मग काळोखात सगळी वाट चालल्यासारखी वाटते.

शर्टाच्या बाहीवर बसलेला एकच काजवा नीट पाहावा. सेंटिमीटरभर लांब, तपकिरी; दिवसा दिसला तर झुरळाचं पिल्लू समजून झटकून टाकाल. पोटाच्या शेवटच्या पेरांवर फिकट पिवळी पट्टी. तिच्यात ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन उजेड पडतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते. हा उजेड आपल्यासाठी नाही. नर लुकलुकतो आणि मादी, पुष्कळदा खाली गवतात किंवा झुडपात बसून, त्याला उत्तर देते. या दिव्यांच्या आधीचे कित्येक महिने अळी ओल्या मातीत, पाचोळ्यात गोगलगायी खात वाढलेली असते. पंख फुटल्यावर हातात उरतात ते फार तर दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडी जमली नाही तर पुढच्या साली त्या झाडावर तेवढा उजेड कमी.

आणि अशा वेळी वळणावरून गाडी येते, हेडलाइट पूर्ण मोठे. झाड विझतं. गाडी थांबते, दारं आपटतात, दहा जण उतरतात, दहा टॉर्च लागतात. “कुठंय? दिसत नाही काही!” दिसणार कसं? मग फोनचे फ्लॅश उडतात. फोनचा फ्लॅश दोन-तीन मीटरपलीकडे पोचत नाही आणि झाड तीस मीटरवर, त्यामुळे फोटोत येतो तो समोरच्या माणसाचा पांढराफटक कान. गवत तुडवत झाडाखाली जाऊन बघायची हौस त्याहून वाईट, कारण माद्या नेमक्या त्याच गवतात असतात. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात घडतं. 1986 पासून हा भाग अभयारण्य आहे. वनखातं नाक्यावर शुल्क घेतं, रात्री ठरावीक वेळेनंतर आत सोडत नाही, गाणीबजावणी करू नका म्हणून बजावतं. शनिवारी रात्री एका अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की नाक्यावरचे दोन-चार वनरक्षक कुणाकुणाला बजावणार?

आवाजाचं तसंच. निश्चल पाण्यावरून आवाज फार लांब जातो. एका तंबूतला ब्लूटूथ स्पीकर समोरच्या तीरावरच्या वाडीत, झोपाळू पोरांच्या डोक्याशी वाजत असतो. आपल्याला वाटतं, आसपास कुणी नाही. दिवे दिसत नाहीत म्हणून माणसं नाहीत असं नसतं.

शेकोटीचं मला कोडंच आहे. मे महिन्यात, अंगाला घाम फुटलेला असताना शेकोटी कशासाठी? पण ‘कॅम्पफायर’ पॅकेजमध्ये लिहिलेला असतो, म्हणून तो पेटतो. आजूबाजूचं गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि पावसाआधीचा वारा कधी उठेल याचा नेम नसतो. आगीच्या जागी काळं वर्तुळ राहतं, भोवती अर्धवट जळलेल्या बाटल्यांचे वितळलेले गोळे. सरपण म्हणून उचललेला वाळका ओंडकाही रिकामा नसतो. वाळवी, गोम, सापसुरळी आणि काजव्यांच्या अळ्या ज्यांवर जगतात त्या गोगलगायी, सगळ्यांचा त्यात संसार असतो. सह्याद्रीतल्या देवराईत खाली पडलेली वाळकी काटकीही कुणी घरी नेत नसे. देवाचा कोप होईल या भीतीनं असेल, पण त्या भीतीनं इथली कित्येक झाडं आणि झरे शाबूत राहिले. देवावर विश्वास नसणाऱ्यानंही तो नियम घ्यायला हरकत नाही.

या सगळ्यावर एक सोपा उपाय सुचवला जातो: तंबूच बंद करा. मला तो पटत नाही. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण अशाच पाणलोटातल्या वाड्यांना लागू पडते. शंभर वर्षांपूर्वी खोऱ्यातली सपाट भातखाचरं पाण्याखाली गेली, इथले महादेव कोळी आणि ठाकर उतारावर सरकले, पाणी आणि पाण्याचा पैसा खाली गेला. आता वाडीतली पोरं बारावी होऊन चार तंबू घेतात, आई-मावशी तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा करून घालतात, दुपारी करवंदं-जांभळं पानाच्या द्रोणात विकतात, आणि भात लावणीच्या आधीच्या त्या चार आठवड्यांत बियाण्या-खतापुरता पैसा गाठीला लागतो. मुंबई-पुण्यात बसून फोनवरून तंबू विकणाऱ्या दलालाला देण्यापेक्षा तो पैसा थेट त्यांच्या हाती गेलेला बरा. गावच्या पोरानं चालवलेल्या जागी वागणुकीतही फरक पडतो. “दादा, गाणी नकोत. समोर माझी आजी झोपलीय,” असं तो सांगू शकतो. त्याच्या शब्दाला वनखात्याच्या पाटीहून जास्त वजन आहे.

पोहायला उतरणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. हा तळ एकसारखा उतरत नाही. जुनी खाचरं, बांध, ओढ्याच्या घळी पाण्याखाली तशाच आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट गळ्याबाहेर जाऊ शकतं, आणि गाळात रुतलेला पाय सहज सुटत नाही. रात्री तर पाण्यात पाऊलही टाकू नये.

जाणार असाल तर जरूर जा. मोठी पिशवी न्या आणि भरून परत आणा. ती वाटेत शेंडीच्या उकिरड्यावर रिकामी करू नका, कारण तो उकिरडाही पावसात धरणाकडेच वाहतो. साबण घरी ठेवा. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा. गाडी गावात सोडा आणि काजव्यांपर्यंत चालत जा. आणि जमलं तर शनिवार सोडून जा. काजवे मंगळवारीही असतात.