कुपीचा पिवळेपणा

सौंदर्याची हौस कोणास नसते? आमच्या चिरंजीवांस मोटारसायकलीच्या ब्रेक व क्लच यांच्या तेलाच्या, उन्हानें पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकच्या कुप्या काढून झळझळीत ॲल्युमिनियमच्या बसवावयाच्या होत्या. आम्हीं हरकत घेतली ती खर्चाची नव्हे. ब्रेकचे पॅड झिजूं लागले म्हणजे कुपींतील पातळी उतरते; ती त्या कुरूप कुपीच्या अंगांतूनच दिसते, बिनखिडकीच्या धातूंत झांकली जाते. शिवाय नळींत हवा राहिली, तर मुठीचा जोर ती हवा चेपण्यांतच खर्ची पडतो व ब्रेक ऐन वेळीं दगा देतो. अखेर मूळच्याच धर्तीच्या नव्या कुप्या बसविल्या, टोपणावर लिहिलेलें 'डॉट ४' तेल भरलें, हवा पुरती काढली. शोभाहि आली, साक्षहि राहिली. रूप खुशाल पालटावें. धोका सांगणारें तोंड मात्र झांकूं नये.