कितव्या पायरीवर?

पुण्याच्या माणसाला पर्वतीची वाट विचारू नये. तो वाट तर सांगतोच, वर तुमच्या गुडघ्यांचीही चौकशी करतो. टेकडी तशी बेताची, पायऱ्या 103. पण पहाटे तिथे जी वर्दळ असते, ती बहुतेक साठीच्या पलीकडची.

2007 च्या कायद्याने माणूस साठाव्या वर्षी ज्येष्ठ नागरिक होतो. आपल्याकडे साठीची शांत करतात, एक्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन. पर्वतीवरच्या मंडळींचा हिशेब मात्र निराळा. ‘हल्ली कितव्या पायरीवर टेकता?’ हा तिथला कुशलप्रश्न! एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात. ‘गेल्या दिवाळीपर्यंत साठावर टेकत होतो, यंदा चाळिसावर,’ हे ते बाजारभाव सांगावा तसे सांगतात.

मी एकदा धीर करून विचारले, ‘नाना, म्हातारपण कसं वाटतं हो?’

‘आतून काहीच वाटत नाही, प्रोफेसर. आत मी अजून सायकल हाणणारा पस्तिशीचाच आहे. बसमध्ये एखादा मुलगा उठून जागा देतो, तेव्हा मी आधी मागे वळून बघतो, हा कुणासाठी उठला म्हणून!’

शेजारच्या आजी हसल्या, पण लगेच म्हणाल्या, ‘गुडघ्यांचं मी काही मनाला लावून घेत नाही रे. डॉक्टर माझं दुखणं मला सोडून सुनेला विचारतात, ते लागतं. घरातही माझ्याशी सगळे मोठ्यानं बोलतात आणि महत्त्वाचं तेवढं हळू बोलतात.’

त्यांच्या कट्ट्यावर पूर्वी सात जण बसत. आता चौघेच. पण मोकळ्या जागेवर सरकून कुणी ऐसपैस बसत नाही.

वर देवदेवेश्वराचे देऊळ आहे, 1749 मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधवलेले. पानिपताचा घाव घेऊन 1761 च्या जूनमध्ये ते याच टेकडीवर वारले. वय जेमतेम चाळीस. म्हणजे ज्या वयात आम्ही नाकावर चाळिशी चढवली, त्या वयात त्यांचा सारा कारभार आटोपलाही होता. हे बोलताच आमचे नाना म्हणाले, ‘बघा! म्हातारं व्हायलासुद्धा नशीब लागतं. पेशव्यांच्या नशिबी ते नव्हतं, पोस्टमास्तरला मिळालं!’

वाचकहो, दिवाळीला माणसे घरी येतात, आजी-आजोबांना घेऊन कुठेतरी जाण्याचे बेत ठरतात. पर्वतीला जरूर या. मात्र त्यांना दंडाला धरून वर नेण्याची घाई करू नका. कुठे थांबायचे ते त्यांनाच ठरवू द्या, आणि तिथेच त्यांच्या शेजारी तुम्हीही जरा टेका. चाळिसाव्या पायरीवरूनही पुणे चांगले दिसते.