लेकरू कोणाचे?

गेल्या श्रावणात लेक आणि नातू आमच्या कोळारच्या घरी आठ दिवस राहून गेले. बीदरला लागून असलेले हे आमचे कोळार. आता येथे कारखान्यांची वसाहत झाली आहे, आणि श्रावणातल्या पहाटे पूर्वी पाखरांचा आवाज यायचा तेथे आता भोंगा ऐकू येतो. नातू बंगळुरूस नोकरी करतो. रविवारी रात्री तो मित्रांबरोबर एक खेळ खेळतो, तो यंदा मी प्रथमच जवळून पाहिला.

चौघे मित्र चार गावी, आणि संगणकाच्या पडद्यावर एकत्र जमलेले. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रे व्हायचे, आणि जेथे दैवाचा प्रश्न येईल तेथे वीस पैलूंचा फासा टाकायचा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने हा प्रकार प्रथम प्रसिद्ध केला, असे नातवाने सांगितले. राक्षस, मांत्रिक, शापित तलवारी, सगळे त्यात आहे. १९७९ च्या त्यांच्या नियमांच्या ग्रंथात तर असा एक कमरपट्टा सांगितला आहे की तो बांधताच पुरुषाची स्त्री व्हावी आणि स्त्रीचा पुरुष! मला हसू आले. आपल्याकडे एवढ्यासाठी कमरपट्टा लागत नाही. नुसते चुकीच्या वनात पाऊल पडले तरी पुरते.

त्या रात्री सूत्रधार आमचा नातू होता, आणि पेचात सापडला होता. त्याच्या एका मित्राचा मांत्रिक शत्रूपासून लपण्यासाठी स्त्रीरूप घेऊन परक्या गावात राहिला, तेथे त्याचे, म्हणजे तिचे, कोणावर तरी मन जडले, लग्न झाले, दिवस गेले. आता शत्रू मेला. मांत्रिकाला मूळ रूपात यायचे आहे. मग पोटातल्या जिवाचे काय? एक म्हणे, बाळंत होईपर्यंत मंत्र उलटणारच नाही. दुसरा म्हणे, गर्भ मायेचा, मायेबरोबर विरून जाईल. पुस्तकात पाहावे तर रूपपालटाच्या नेहमीच्या मंत्राची मुदत अवघी एक तास, आणि गर्भाला लागतात नऊ महिने. घोडे अडले ते तेथे. खेळ थांबवून नातू स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “आजी, तुझ्या पोथ्यांत असलं काही असेल ना?”

मी दुसऱ्या दिवशीच्या सोमवारासाठी बेलाची पाने निवडीत होते. लेक शेजारी बसून वाती वळत होती. मी म्हटले, असले काही म्हणजे काय, आपला अर्धा चंद्रवंश त्यातूनच आलेला आहे.

मग मी त्याला इलेची कथा सांगितली. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात ती अशी आहे. इल नावाचा राजा शिकारीसाठी शंकर-पार्वतीच्या क्रीडावनात शिरला आणि स्त्री झाला. पुष्कळ आळवणी केल्यावर पार्वतीने अर्धे वरदान दिले: एक महिना पुरुष, एक महिना स्त्री, आणि एका रूपात दुसऱ्या रूपाची आठवण राहणार नाही. स्त्रीरूपात असताना चंद्राचा पुत्र बुध तिच्यावर मोहित झाला, आणि नवव्या महिन्यात इलेला पुरूरवा झाला. नातू पटकन म्हणाला, “पण मधले महिने तर तो पुरुष होता. तेव्हा गर्भ कुठे होता?” मी निरुत्तर झाले. इतकी वर्षे ही कथा ऐकते, सांगते; ही शंका मला कधी शिवली नव्हती. वाल्मीकींनी त्याचा खुलासा केलेला नाही. त्यांना गर्भाच्या मुक्कामाशी कर्तव्य नव्हते. वंश पुढे गेला, एवढे त्यांना पुरले.

असल्या कथांना आपल्याकडे तोटा नाही. नारदाची नारदी झाली ही म्हण तर घरोघर आहे. एका बुडीत स्त्री झालेल्या नारदाला साठ मुले झाली, आणि प्रभव, विभव ही साठ संवत्सरांची नावे त्या मुलांचीच, असे लोककथा सांगते. पाडव्याला पंचांग उघडून आपण संवत्सराचे नाव वाचतो आणि शेजारचे कानडी कुटुंब युगादीला तेच नाव वाचते, तेव्हा नारदीच्याच एका लेकराचे नाव दोन्ही घरी उच्चारले जाते. आणि अनुशासनपर्वात भीष्माने युधिष्ठिराला सांगितलेला तो भंगास्वन राजा! पुरुष असताना त्याला शंभर पुत्र झाले, इंद्राच्या कोपाने सरोवरात स्त्री झाल्यावर आणखी शंभर. पुढे इंद्रानेच दोन्हींत कलह लावून सगळे मारविले, आणि प्रसन्न झाल्यावर विचारले, यांतले कोणते शंभर उठवू? तिने स्त्रीरूपात झालेले मागितले. आईची माया बापाहून अधिक, हे तिने कारण सांगितले. इंद्राने संतुष्ट होऊन दोनशेही उठविले. पुन्हा पुरुष होतोस का, असे विचारल्यावर मात्र ती नको म्हणाली.

नातू हे सगळे टिपून घेत होता. मग मी भागवतातली इला सांगू लागले, आणि सांगता सांगता माझीच जीभ अडखळली. नवव्या स्कंधात आहे की मनूने पुत्रासाठी यज्ञ मांडला. पण त्याची पत्नी श्रद्धा हिने होत्याजवळ जाऊन हळूच मुलगी मागितली. मुलगीच झाली, तीच इला. मनू खट्टू झाला, तेव्हा वसिष्ठांनी तपोबलाने त्या मुलीचा मुलगा केला, सुद्युम्न. पुढे त्या वनात जाऊन तो पुन्हा स्त्री झाला ती कथा वेगळी. पण वृद्धपणी त्याने प्रतिष्ठानचे राज्य (आपले पैठण नव्हे, प्रयागाजवळचे) स्त्रीरूपात जन्म दिलेल्या पुरूरव्याच्याच हाती दिले आणि वनात गेला.

“आईनं मुलगी मागितली होती?” लेकीने विचारले. वाती वळणारा तिचा हात थांबला होता.

आता जुने सांगावे लागते. श्रीधरांचे ‘शिवलीलामृत’ आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या वाचले जाते. त्याच्या सातव्या अध्यायात सुमेध आणि सोमवंत या दोन ब्राह्मणपुत्रांची कथा आहे. द्रव्यासाठी सोमवंत स्त्रीवेष घेऊन सुमेधाबरोबर सीमंतिनी राणीच्या सोमवारच्या दंपतिपूजेस गेला. राणीने त्याला पार्वती मानून पूजिले, आणि त्या भक्तीच्या बळाने तो खरोखरच स्त्री झाला. त्याचा पिता सारस्वत आकांत करू लागला. देवीची आराधना झाली. सीमंतिनीने केले ते माझ्याने मोडवत नाही, असे म्हणून देवीने सारस्वताला दुसरा पुत्र दिला, आणि सोमवंताची जी कन्या झाली होती तिचा विवाह सुमेधाशी लावून दिला.

१९७९ च्या श्रावणात मी हा अध्याय वाचीत होते आणि नऊ वर्षांची लेक समोर बसून ऐकत होती. तिने विचारले, “आई, दुसरा मुलगा कशाला दिला? सोमवंत मुलगी झाला, मेला थोडाच होता?” पोथीला प्रश्न विचारू नयेत, असे म्हणून मी तिला गप्प केले. त्या वर्षी सासूबाईंच्या सांगण्यावरून मी सोळा सोमवार धरले होते. सांगणे त्यांचे, पण इच्छा माझीही होती, हे आज लपवून काय करायचे? पापनाशच्या महादेवाला दर सोमवारी जाऊन मी एकच मागणे मागत होते. ते फळले नाही. पुढे पुतण्याला दत्तक घ्यावे असा विषय निघाला, तो यजमानांनी तोडून टाकला; मी मात्र तेव्हाही काही बोलले नाही.

नातू बाहेर गेल्यावर मी लेकीला म्हटले, “त्या वर्षीचे सोमवार मुलासाठी होते.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “उद्यापनाच्या चुरम्याला गूळ मीच किसून दिला होता.”

मला पुढे शब्द सुचेना. तिने राहिलेली बेलाची पाने आपल्याकडे ओढली आणि तुटकी पाने बाजूला काढू लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “श्रद्धेची गोष्ट तू मला आधी का सांगितली नाहीस?” तेव्हा ती मला ठाऊक नव्हती असे म्हणता आले असते, पण ठाऊक होती. सांगावीशी वाटली नव्हती.

ओसरीवर फासा पडल्याचा आवाज झाला आणि पोरांचा गलका उठला. नातवाने तेथूनच ओरडून निकाल सांगितला: बाळ जगले आहे, मांत्रिकाने मूळ रूप घेतले आहे, आणि बाळाच्या नावापुढे त्याचेच नाव लागणार आहे, आई म्हणून.

“आणि बाप म्हणून?” लेकीने विचारले.

“त्यावर अजून भांडण चाललंय,” तो म्हणाला.