म्हाताऱ्या गाड्या, तरुण आवाज

'नॉस्टॅल्जिया'ला आपण मराठीत 'स्मरणरंजन' म्हणतो. शब्द गोड आहे. पण मूळ शब्दात रंजन अजिबात नाही बरं का! १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने दोन ग्रीक शब्द जोडून तो तयार केला. एकाचा अर्थ घरी परतणं आणि दुसऱ्याचा वेदना. घरापासून दूर राहिलेली स्विस माणसं घराच्या आठवणीने आजारी पडत, त्या आजाराचं ते नाव. म्हणजे त्यांच्या शब्दात दुखणं आणि आपल्या शब्दात करमणूक! तीस-बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यामुळे शब्दांची अशी चिरफाड केल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण आज हे आठवायचं कारण मराठीचं नाही, मोटारींचं आहे. स्वतः कधी सायकलपुढे न गेलेली ही बाई मोटारींवर काय लिहिणार, असं भाचेमंडळींना वाटेल. वाटू दे.

माझी लेक डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते. उन्हाळ्यात मी तिच्याकडे चार-पाच महिने असते. तिथे ऑगस्ट महिना लागला की संध्याकाळी रस्त्यावरून एक वेगळाच आवाज यायला लागतो. आताच्या गाड्या मांजरीसारख्या येतात आणि जातात, कळतसुद्धा नाही. हा आवाज खोल, घशातून आलेला, सिग्नलला उभं असतानासुद्धा गुरगुरणारा. नातवाने पहिल्यांदा सांगितलं, "आजी, ही मसल कार." मसल म्हणजे स्नायू. पैलवान गाडीच म्हणा ना!

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. (जावयाने समजावलं, मी वहीत लिहून घेतलं. मास्तरकीची खोड.) १९६४ च्या सुमारास जनरल मोटर्समध्ये एक नियम होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिअ‍ॅक विभागातल्या जॉन डिलोरियन या मुख्य अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. नियम नव्या मॉडेलला होता. जादा पैसे भरून घ्यायच्या सोयींना नव्हता! मग टेंपेस्ट नावाच्या मध्यम गाडीत ३८९ घन इंचांचं दांडगं इंजिन 'जादा सोय' म्हणून द्यायला सुरुवात झाली. तिचं नाव जीटीओ. पहिल्या वर्षी पाचेक हजार खपतील असा अंदाज होता, खपल्या ३२,४५०. शाळेतला वात्रट मुलगा नियमाच्या शब्दात बसवून जसा खोडी काढतो ना, अगदी तसंच. अशा मुलांना शिक्षा करताना मला नेहमी हसू आवरावं लागायचं.

३८९ घन इंच म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. आपल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसीचं. म्हणजे सहा पद्मिनी एकाच बॉनेटखाली!

मग काय, सगळ्याच कंपन्या सरसावल्या. एप्रिल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग आणली. किंमत २,३६८ डॉलर, आणि पहिल्याच दिवशी २२,००० गाड्यांची नोंदणी. पुढे शेवरोलेची कमारो, डॉजची चार्जर, चॅलेंजर. प्लिमथने तर १९६८ मध्ये कार्टूनमधल्या 'रोड रनर' पक्ष्याचं नाव वापरण्यासाठी ५०,००० डॉलर मोजले आणि त्या पक्ष्यासारखा 'बीप बीप' वाजणारा हॉर्न गाडीला बसवला. प्लिमथ हे नाव माझ्या पिढीला नवीन नाही. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९४७ पासून डॉज आणि प्लिमथची जुळणी होत असे. लहानपणी मुंबईला मामाकडे गेलं की बोरीबंदरला त्या प्रचंड टॅक्सी दिसायच्या. आत सगळं बिऱ्हाड मावायचं.

या गाड्या घेतल्या कोणी? महायुद्धानंतर तिकडे मुलांचं पीक आलं होतं, ती मुलं १९६४ नंतर अठराची व्हायला लागली. कारखान्यात काम मिळत होतं, हातात पगार येत होता, पेट्रोल स्वस्त होतं. आणि डेट्रॉइटमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू होता. शहरातून निघून थेट पॉन्टिअ‍ॅक गावापर्यंत जाणारा रुंद, सरळ रस्ता. देशातला पहिला एक मैल काँक्रीटचा रस्ता १९०९ साली याच वुडवर्डवर झाला. शनिवारी रात्री पोरं एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावायची. बंदी होतीच, पण बंदी असल्याशिवाय त्या वयात मजा कुठली?

१९९५ साली फर्नडेल गावात मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी निधी उभा करायचा होता. म्हणून कोणीतरी सुचवलं, त्या जुन्या गाड्या पुन्हा एकदा वुडवर्डवर आणू या. तीस-चाळीस हजार लोक येतील असं वाटलं होतं, आले अडीच लाख. तेव्हापासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ही 'ड्रीम क्रूझ' भरते. (२०२० मध्ये कोरोनामुळे नाही भरली.) मी दोनदा पाहिली आहे. पहाटेपासून माणसं घडीच्या खुर्च्या रस्त्याकडेला मांडून जागा धरतात. लक्ष्मी रोडला विसर्जन मिरवणुकीसाठी धरायचे तश्शी! पेट्रोलचा वास, ऊन, आणि टोप्या घातलेले पांढऱ्या केसांचे आजोबा. गाडी दिसताच इंजिनाचा आकडा सांगतात. कितीची आहे, कोणत्या वर्षाची आहे, मूळ रंग आहे का. बरोबरच्या आज्या विणकाम करत बसतात. नातू कानात बोटं घालून हसत असतो.

आमच्या लेकीच्या शेजारी यातलेच एक राहतात. मी मनातल्या मनात त्यांना 'जीटीओ आजोबा' म्हणते. वय ७७, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे. त्यांच्याकडे १९६८ ची हिरवी जीटीओ आहे. एकोणिसाव्या वर्षी ते मोटारीच्या कारखान्यात लागले. काम एकच, दारं बसवायची. दार आलं, धरलं, बिजागरीवर चढवलं, पुढचं. दिवसभर दारं. ती गाडी विकत घेण्याची ऐपत मात्र तेव्हा नव्हती, घरी धाकटी भावंडं होती. पुढे १९८० च्या दशकात या गाड्यांना कोणी विचारीनासं झालं, तेव्हा कोणाच्या तरी शेडमध्ये गंजत पडलेली ही गाडी त्यांनी स्वस्तात आणली आणि सहा वर्षं खपून चालती केली.

एकदा त्यांनी मला गाडी दाखवली. इंजिन नाही दाखवलं, दार दाखवलं. उघडलं आणि लावलं. 'थप्प' असा एक भरीव आवाज आला. म्हणाले, "ऐकलंत? हा आवाज बरोबर आहे. आम्ही आवाजावरून ओळखायचो." मग जरा थांबून म्हणाले, "हे दार मी बसवलं असेल किंवा नसेल. पण बसवलं असेलही."

मंडळी, हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाही. शिक्षकाचं तरी दुसरं काय असतं हो? हजारो मुलं हाताखालून गेली. कुठे एखाद्याचं स्वच्छ पत्र वाचलं, एखादीचं नेमकं बोलणं ऐकलं की वाटतं, हे आपण शिकवलं असेल किंवा नसेल. पण शिकवलं असेलही.

आता दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर ते नुसतं रंजन होईल. ज्या काळाची ही माणसं आठवण काढतात तो काही सोन्याचा नव्हता. १९६७ च्या जुलैमध्ये याच डेट्रॉइटमध्ये वर्णद्वेषाच्या धगीतून दंगल उसळली, ४३ माणसं गेली. त्याच वर्षांत पोरं व्हिएतनामला जात होती आणि सगळी परत येत नव्हती. गाड्या ताकदवान होत्या, पण त्या मानाने ब्रेक लेचेपेचे. १९७२ या एका वर्षात अमेरिकेच्या रस्त्यांवर ५४ हजारांहून अधिक लोक मेले. धूर तर विचारूच नका. म्हणूनच १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कडक कायदा आला, विमा कंपन्यांनी तरुणांचे हप्ते वाढवले, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं तेव्हा पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. जेमतेम दहा वर्षांत पैलवानांचा आखाडा बंद!

जीटीओ आजोबांना हे सगळं ठाऊक आहे. त्यांच्या ओळीत शेजारी काम करणारा एक काळा मित्र होता. त्याला त्या काळी आत्ताच्या या आमच्या गल्लीत कोणी घर विकलं नसतं, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. आठवण ही चाळणी असते. पण चाळणीतून खाली काय पडलं हे माहीत असणारा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो.

आणि यातलं आता उरलं किती? प्लिमथ हे नाव २००१ मध्ये बंद झालं, पॉन्टिअ‍ॅक २०१० मध्ये. १९५० साली साडेअठरा लाख वस्तीचं डेट्रॉइट २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्याही खाली आलं. डॉजने चॅलेंजरचं उत्पादन २०२३ च्या डिसेंबरात थांबवलं. पुढच्याच वर्षी विजेवर चालणारी चार्जर आणली. विजेच्या गाडीला आवाज नसतो, म्हणून तिला मुद्दाम कृत्रिम गुरगुराट बसवलाय! नातवाला मी म्हटलं, ही तर कवळी झाली. तो खो खो हसला.

किमतींचं तर वेगळंच पुराण. 'बुलिट' या १९६८ च्या सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने जी हिरवी मस्टँग पळवली, ती २०२० च्या जानेवारीत लिलावात शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरना गेली. पण त्या गोष्टीतला मला आवडलेला भाग वेगळा आहे. १९७४ मध्ये एका साध्या कुटुंबाने ती ६,००० डॉलरना घेतली होती आणि त्या घरातल्या बाई ती रोज चालवत शाळेत जायच्या. शिक्षिका होत्या त्या! मॅक्वीनने १९७७ मध्ये पत्र लिहून गाडी परत मागितली, या मंडळींनी दिली नाही. ज्या गाडीवरून जगाने जीव ओवाळून टाकला, तिच्यात बसून कोणी बाई मुलांच्या वह्या घेऊन शाळेला जात होत्या, ही कल्पनाच मला फार आवडते.

आमच्या आजोबांच्या गाडीला अर्थातच असा भाव नाही. त्यांची अडचण निराळी आहे. गाडीला हाताने टाकायचे गिअर आहेत आणि क्लच दगडासारखा जड. डावा गुडघा आता ऐकत नाही. मुलगा टेक्सासमध्ये, त्याला गाडीत रस नाही. "विकून टाका," असं मुलगा फोनवर सांगतो. त्यात त्या मुलाचं काही चुकत नाही. बापाच्या आठवणी मुलाने कपाटात का ठेवाव्यात? आमच्या घरी सासऱ्यांचा ग्रामोफोन होता, तो माळ्यावरून कोणी खाली काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आजोबा आमच्या दारात आले आणि लेकीला म्हणाले, "तुमच्या मुलाला क्लच शिकवू का?" नातू सतरा वर्षांचा, परवाना आहे, पण बटनं दाबून चालणाऱ्या गाडीचा. लेक पटकन म्हणाली, "त्या गाडीत एअरबॅगसुद्धा नाही." आईच ती. आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "खरं आहे. रस्त्यावर नाही नेणार. रविवारी दुपारी चर्चची पार्किंगची जागा रिकामी असते, तिथेच. तुम्हीही या." लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जाऊ दे. मी जाते बरोबर."

पहिल्या रविवारी गाडी सात वेळा बंद पडली. मी मोजत होते. प्रत्येक वेळी नातू "सॉरी" म्हणायचा आणि आजोबा म्हणायचे, "सॉरी नको. पाय सावकाश सोड. कानाने ऐक, ती सांगते." आठव्या वेळी गाडी हलली. चार रविवारांनंतर तो सफाईने चालवायला लागला. आणि मी बाकावर बसून पाहत होते ती गाडी नव्हे, शिकवणारा माणूस. ड्रीम क्रूझच्या दिवशी खुर्चीत बसलेले आजोबा सत्तरीचे दिसतात. पार्किंगमध्ये, "ऐक, ती सांगते" म्हणताना ते वयाचे राहतच नाहीत.

स्मरणरंजनात हीच मेख आहे असं मला वाटतं. आठवण आपल्यापुरती उगाळत बसलं तर होफरने म्हटलं तसं ते दुखणंच. आपल्याकडे तरुणांना "आमच्या वेळी" ऐकवून जे साधतं ते तुम्ही आम्ही जाणतोच. पण त्या काळात हातांना आणि कानांना जे कळलं होतं, तेवढं जरी पुढच्याच्या हातात उतरलं, तर गाडी विकली काय नि राहिली काय. आजोबांनी अजून काही ठरवलेलं नाही. येत्या उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तोवर दर रविवारी गाडी सुरू करून बॅटरी जिवंत ठेवायचं काम नातवाकडे आहे. लेकीने परवानगी दिली आहे, फक्त गाडी घराच्या आवारातून बाहेर काढायची नाही या अटीवर.

तुमच्या घरी अशी एखादी वस्तू आहे का, जी चालवायला आता एकच माणूस उरलाय? जातं, शिवणयंत्र, पाटावरवंटा, जुना कॅमेरा, काहीही. असेल तर या सुट्टीत घरातल्या एका पोराला ती चालवायला बसवा. सात वेळा बंद पडेल, पडू द्या. आणि आठव्या वेळी काय झालं ते मला जरूर कळवा.